दादांची खुर्ची

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. नोकरी लागल्यावर दादांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, सांगलीत गादीची खुर्ची करायला टाकली. दादांच्या हातात कायम विडी. म्हणून मुद्दाम औषध मारलेलं, पेट न घेणारं कापड घेतलं आणि खुर्ची मढवणाऱ्या कारागिराला ऐटीत सांगितलं, "शास्त्रीय कापड आहे."

ओठांत धरलेले चार बारीक खिळे त्यानं तळहातावर काढले, कापड गालाला लावलं, हुंगलं आणि सणसणीत शिंकला.

"सायेब, तुमचं वडील ह्यावर दुपारचं झोपणार. औषध जाळ थांबवंल, पर रोज त्यांच्याच नाकात जाणार न्हवं?"

"मग विडीचं काय?"

त्यानं जतकडच्या घोंगडीच्या तुकड्याला पेटती काडी लावली. लोकर करपली, केस जळल्यासारखा वास सुटला, पण जाळ काही धरेना.

"बघा. मेंढीला कुणी औषध पाजलंय व्हय?"

मी चिडलो. घोंगडीवर बसण्यातच आमच्या पिढ्या गेल्या होत्या. "शिकलेल्या माणसाच्या घरात घोंगडी? पाहुणे काय म्हणतील?"

"खुर्ची पावण्यास्नी हाय का बापाला?"

मी घोंगडी लावायला सांगितली. त्याचं नाव विचारायचं राहिलं, मी बी.ए. आहे हे मात्र दोनदा सांगून झालं होतं.

खुर्ची घरी आली. दादांनी तिच्यावरून हात फिरवला, ओळखीचं हसले आणि ऐसपैस बसले. तेव्हापासून पाहुणे आले तरी ते उठत नसत. पाहुणे चटईवर बसत.