दारातला माणूस

मी सेलूजवळच्या एका गोडाऊनच्या फरशीवर पालथा पडलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, मारुती, येऊ नकोस. तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले. पडायचं नाटक मी जरा जास्तच मन लावून केलं होतं, त्यामुळे गुडघा ठणकत होता. तेवढ्यात चपलांचा आवाज आला. मारुती धावत आत येत होता.

हे नाटक कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

मी फ्युमिगेशनचं काम करतो. म्हणजे गोडाऊनमधल्या धान्याला कीड लागली की विषारी गॅस देऊन ती मारायची. चण्याच्या, तुरीच्या पोत्यांची थप्पी असते. तिच्यावर जाड ताडपत्री टाकायची, कडेने वाळूच्या लांबट पिशव्या ठेवून ती जमिनीशी घट्ट दाबायची आणि आत गोळ्या ठेवायच्या. हवेतल्या ओलाव्याने गोळ्यांतून गॅस सुटतो. काही दिवसांनी ताडपत्री काढायची, दारं उघडी टाकायची, मीटरने गॅस उरला नाही ना ते पाहायचं आणि मगच हमालांना आत सोडायचं. किडा कोण आणि माणूस कोण, हे त्या गॅसला कळत नाही. म्हणून हे काम कुणीही उठून करायचं नसतं. ट्रेनिंग लागतं, परीक्षा लागते, सर्टिफिकेट लागतं. माझ्याकडे ते आहे. सिंदी मेघेच्या माझ्या दोन खोल्यांत फ्रेम करून टांगलंय. बायको गेल्यापासून ते पाहणारा मी एकटाच.

आमच्या कंपनीचा एक पक्का नियम आहे. एक माणूस आत गेला की दुसरा दारात उभा पाहिजे. कागदावर त्याला स्टँडबाय म्हणतात, आम्ही दारातला माणूस म्हणतो. त्याने आतल्याकडे पाहत राहायचं आणि थोड्या थोड्या वेळाने त्याला नावाने हाक मारायची. आतल्याच्या तोंडावर मास्क असतो, तो बोलू शकत नाही. तो हात वर करतो. दिवसभर हेच, हाक आणि हात. माझ्या दारात कित्येक वर्षं नामदेवराव होते. ते रिटायर होऊन आपल्या गावी, आंजीला गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आता दिवसभरात माझं नाव घेणारं कुणीच उरलं नाही. बँकेतसुद्धा टोकनच्या नंबरने बोलावतात.

नागपूरहून आमचे ब्रँच मॅनेजर मोहोड साहेब यांचा फोन आला.

“ढोले, नवीन माणूस इतक्यात मिळत नाही. तिथलाच एखादा हमाल तयार कर. ट्रेनिंग दे, टेस्ट घे. तू सही केली की सर्टिफिकेट देऊ आणि त्याला पर्मनंट करू.”

“आणि तोवर?”

“तोवर सीसीटीव्ही आहे ना गोडाऊनला.”

“साहेब, कॅमेरा हाक मारत नाही.”

“तू बोलतो फार,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी मारुतीला निवडलं. चाळिशीचा, सरळ माणूस. वर्षानुवर्षं पोती वाहून त्याच्या पाठीचा बोऱ्या वाजला होता. डॉक्टरने ओझं बंद करायला सांगितलं होतं, पण हमालाने ओझं बंद केलं तर करायचं काय, हे काही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. हे सर्टिफिकेट मिळालं तर त्याची पाठ सुटणार होती. त्याच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस त्याच्या बायकोने माझ्यासाठी डब्यात झुणका पाठवला, तो मी मुकाट्याने खाल्ला.

शिकायला तो हुशार निघाला. मास्क चढवणं, मीटर वाचणं, ताडपत्रीची कड तपासणं, सगळं पटापट उचललं. हाक तर अशी मारायचा की छपरावरची कबुतरं उडायची.

पण दारातल्या माणसाला खरं शिकवायचं असतं ते वेगळंच. आतला पडला तर धावायचं नाही. ह्या धंद्यात एकटा माणूस क्वचित मरतो. एक पडतो, दुसरा त्याला उचलायला तसाच आत शिरतो आणि तोही पडतो. म्हणून आधी ओरडायचं, मग मदतीसाठी फोन करायचा, मग स्वतःचा मास्क घालायचा, मीटर हातात घ्यायचा आणि त्यानंतरच आत पाय ठेवायचा. मारुतीने हे मला घडाघडा म्हणून दाखवलं.

टेस्ट सांगून घ्यायची नसते. मी एक रिकामं गोडाऊन निवडलं, आत गॅस उरलाय असं त्याला सांगितलं आणि आत गेलो. त्याने दोनदा हाक मारली, मी दोनदा हात वर केला. तिसऱ्या हाकेला मी पडलो.

त्याचा मास्क दारातल्या खिळ्यालाच राहिला. त्याने माझ्या काखेत हात घातले आणि मला ओढत ओट्यावर आणलं. माझं डोकं मांडीवर घेतलं, माझा मास्क उपसून काढला आणि गालावर थापट्या मारत सुटला. “साहेब, ओ साहेब, डोये उघडा ना जी.” खरं सांगायचं तर मी लगेच डोळे उघडले नाहीत. माझ्यासाठी एवढं घाबरलेलं माणूस मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मग मी उठून बसलो. “मारुती, तू आत काऊन आला?”

तो बघतच राहिला. “तुमी नाटक करून राह्यले होते?”

“परीक्षा होती. आत गॅस असता तर आता दोघंही पडलो असतो.”

“तुमी पडले, अन् म्या दारात उभा राहून पाहू? अशी कोनती परीक्षा राह्यते?”

मी त्याला नियम पुन्हा समजावला. तो मान हलवत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

मोहोड साहेब म्हणाले, “अरे, पुन्हा घे ना टेस्ट. ह्या वेळी सांगून घे. दारात उभा राहिला की झालं. चण्याचे ट्रक थांबलेत माझे.”

मी सांगून घेतली. मारुतीने सगळं बिनचूक केलं. ओरडला, फोन लावला, मास्क घातला, मीटर पाहिला, मग आला. आम्ही ओट्यावर बसलो. मी पेन काढलं. पर्मनंट नोकरी माझ्या एका सहीवर अडली होती आणि ती सही करायची मला मनापासून इच्छा होती.

“थांबा साहेब,” तो म्हणाला. “आज मले ठाऊक होतं तुमी मेले नाई म्हनून. म्हनून उभा राह्यलो.”

“आणि खरंच पडलो तर?”

“तर म्या येईन. मास्क-बिस्क काई आठवनार नाई.”

“शिकशील हळूहळू.”

“नाई जी. पाठांतर होते, पन पाय ऐकनार नाई माहे.”

“मारुती, तुझ्या पाठीचा विचार कर. तू गप्प बसला असतास तर मी सही केली असती.”

“तुमचा जीव जाईन ना मंग. माहाबी जाईन. घरी लेकरं हायेत साहेब.” त्याने कागद माझ्याकडे सरकवला. “तुमी लिहा काय लिहाचं ते. म्या वाईट नाई मानत.”

मी ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं आणि खाली सही केली. ओट्यावरून उठताना त्याने कमरेवर हात दाबला आणि पोत्यांकडे गेला. मोहोड साहेबांना मी दोनदा विचारलं की त्याला निदान वॉचमन तरी घ्या. जागा नाही म्हणाले.

मग नागपूरहून सर्टिफिकेटवाला माणूस आला. त्याचीही टेस्ट मी न सांगता घेतली. फरशीवर पडल्या पडल्या मला ऐकू येत होतं, तो फोनवर गोडाऊनचा पत्ता सावकाश, नीट सांगत होता. मग त्याने मास्कचे पट्टे तपासले. मग मीटर पाहिला. मग आला. पूर्ण मार्क द्यायला हवे होते, मी दिले. आता तो दारात उभा असतो. मोबाइलमध्ये अलार्म लावलाय. तो वाजला की हाक मारतो, मी हात वर करतो. काम सुरक्षित चाललंय. मारुती कमरेला पट्टा बांधून पोती वाहतो. समोर आलो की रामराम करतो.

नवीन लोकांना शिकवताना मी सांगतो, आपल्यासाठी काही विचार न करता धावून येईल असा माणूस दारात ठेवू नका, त्याचा फार धोका असतो. खरंच असतो. माझ्या वाट्याला असा धोका एकदाच आला होता. मी सही करून तो टाळला.