गार मडक्यातलं औषध

आमच्या डॉक्टरीणबाई माणसांपेक्षा इंजेक्शनांना जास्त जपतात, असं सांगलीत लोक हसून म्हणत. दवाखान्याच्या व्हरांड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं त्यांचं मडकं असे. त्याला ऊन लागलं की बाई तपासणी अर्धी टाकून ओरडत येत, "कुणी हलवलं हे? औषध नासलं तर मी काय पाणी टोचू?"

रागीट होत्या, पण आडपडदा नसे. पोट उघडून मूल काढल्यावर गर्भपिशवी आवळली पाहिजे, नाहीतर रक्त थांबत नाही. आणि ती आवळणारं विलायती औषध लढाईमुळे मिळेनासं झालंय, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. माझ्या बायकोचं मूल आडवं होतं. मी साताऱ्याच्या एका दुकानदाराकडून दोन इंजेक्शनं आणली. त्याने माझ्यासमोर नवी पेटी फोडली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "चांगली आहेत. शाब्बास." त्यांची शाबासकी मिळालेला सांगलीत मी एकटाच असेन.

शस्त्रक्रियेच्या खोलीत हत्यारं उकळायचा स्टोव्ह धगधगत होता, म्हणून ती दोन इंजेक्शनं ठेवलेलं मडकं बाहेरच राहिलं. आष्ट्याहून आलेल्या आईला मी त्याच्याजवळ बसवलं. "हे गार राहिलं पाहिजे," एवढंच म्हणालो. का, ते सांगितलं नाही. आणि बर्फ मिळतो का ते पाहायला गेलो.

परत आलो तर मडकं रिकामं. बाळंतिणीसाठी आईने आणलेली शेगडी शेजारी फुललेली. नर्सने इंजेक्शनं शेगडीच्या काठावरूनच उचलून नेली होती.

"आरं, बाळंतिणीला कुणी गार देतं व्हय?" आई म्हणाली. "चांगली शेकून दिली म्या."

मी दाराकडे धावलो, पण दोन्ही टोचून झाली होती. पिशवी सैलच राहिली. बाई कितीतरी वेळ ती हातांनी चोळत, दाबत होत्या. मूल वाचलं. बायको गेली.

बाई बाहेर आल्या. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आवं बाई, माझ्या हातनं काय चुकलं का?" आईने विचारलं.

"नाही, मावशी. औषधच जुनं निघालं."

मी तोंड उघडलं, तसा बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

लढाई संपली आणि बाई सांगली सोडून गेल्या. कुणावर चिडावं, हे मला आजही कळत नाही. आई मात्र जिवंत होती तोवर नातवाला मांडीवर घेऊन साताऱ्याच्या त्या दुकानदाराला शिव्या घालायची. "मुडद्यानं जुनं औषध इकलं. व्हय का न्हाई रं?"

मी "व्हय" म्हणायचो.