क्लॉजमास्तरांचं राहिलेलं वाक्य

क्लॉजमास्तरांशी बोलताना मध्येच श्वास घ्यायची सोय नव्हती. ते डोळे मिटून ऐकत आणि आपण जरा थांबलो की एक डोळा उघडून विचारत, "ते सगळं ठीक, पण प्रिन्सिपल क्लॉज कुठं आहे?" म्हणजे मुख्य वाक्य. एकदा शाळेचा शिपाई धावत आला. "मास्तर, तुमच्या घरामागं ती गवताची गंजी हाय न्हवं, तिच्या वरल्या अंगाला..." एवढं बोलून तो धापा टाकायला लागला. मास्तरांनी सवयीनं प्रिन्सिपल क्लॉज विचारला. तो होता, 'आग लागलीया'. गंजी अर्धी गेली, पण मास्तर म्हणाले, "क्रम चुकला त्याचा. नाहीतर वाचली असती."

लोणावळ्याच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि मी ड्रॉइंग. माझा तास संपला की त्यांचा. मी फळ्यावर हौसेनं काढलेला आंबा ते निर्विकारपणे पुसत आणि तिथं एखादं धडधाकट इंग्रजी वाक्य लिहून त्याचे तुकडे पाडत. उद्देश्य एकीकडे, विधेय दुसरीकडे, गौण वाक्यं खाली ओळीनं टांगलेली. क्लॉजमास्तर हे नाव पोरांनी ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा पक्का संशय आहे.

वाक्यांच्या त्यांच्या लेखी दोन जाती होत्या. मुख्य गोष्ट आधी सांगून मग शेपूट लावत बसतं ते लूज. आणि शेवटच्या शब्दापर्यंत माणसाला झुलवत ठेवतं ते पीरियॉडिक. "लूजमधून ऐकणारा मधेच उठून जाऊ शकतो," ते म्हणायचे. "पीरियॉडिकमधून? छाती आहे का कुणाची?" घरात मात्र त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची, होती. "तुमचं ते मुख्य वाक्य येईपर्यंत माझं पिठलं दगड होतं," असं म्हणून त्या सरळ आत निघून जात.

एवढं सगळं असून मास्तर इंग्रजाशी जन्मात एक अक्षर बोलले नव्हते. तो योग शेजारच्या औंढे गावच्या लोकांनी आणला.

औंढ्याहून बाजाराकडे येणारी पायवाट एका साहेबाच्या बंगल्याच्या आवारातून जायची. रेल्वेतून निवृत्त झालेला साहेब, डेलियाच्या फुलांचा वेडा. एका म्हशीनं डेलिया खाल्ले आणि साहेबानं वाटेवर फाटक ठोकलं. आता दूधवाल्या बायांना टेकडीला वळसा पडू लागला. सकाळची गाडी निघून गेल्यावर दूध स्टेशनावर पोचायचं. चहावाला ते घेईना, आणि उन्हात ते नासायचं. गावातल्या चार घरांच्या चुली त्या दुधावर चालत होत्या. शेवटी गावातले एक वडीलधारे, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, शाळेत आले. "मास्तर, तुमी साहेबाच्या भाषेचं मास्तर. आमच्यासाठी एक शब्द टाका."

एक शब्द! मास्तरांनी दोन दिवस वाक्य रचलं. एकच. अर्थात पीरियॉडिक.

मी सोबत गेलो. मागं भाऊ, डोक्यावर चरव्या घेतलेल्या बाया, आणि कुणीही न बोलावता आलेली तीच म्हैस. साहेब बाहेर आला, फाटक उघडून त्याला हात लावून उभा राहिला. मास्तरांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि "सर, व्हेन..." म्हणून सुरुवात केली. जेव्हा सूर्य उगवतो, जेव्हा गाई दुभतात, जरी डेलिया सुंदर असतात, ज्याअर्थी मनुष्यप्राणी दयाळू आहे... गौण वाक्यांची माळ संपेना. साहेब चांगल्या घरचा असावा. वाक्य पुरं झाल्याशिवाय माणसाला तोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो क्रियापदाची वाट बघत तसाच उभा.

भाऊंनी हे बरोबर हेरलं. "चला गं बायांनो," ते हळूच म्हणाले, "साहेब गुतलाय तवर निगा." साहेबाच्या बाजूनं एकेक चरवी पलीकडे गेली. शेवटी म्हैसही गेली आणि डेलियाला तोंड लावती झाली. साहेबाला ते दिसत होतं. त्याचा चेहरा लाल झाला, मान तिकडे वळली, पण पाय हलेना. मास्तर 'ज्याअर्थी'वरून 'जोपर्यंत'वर आले तेव्हा मात्र त्यानं हात जोडले. "बस, मास्टर! आदमी के लिए गेट खुला रहेगा. भैंस को निकालो!"

गावानं आनंदानं ओरडाआरडा केला. मास्तर हिरमुसले. परतताना भाऊ म्हणाले, "काम झालं न्हवं मास्तर?"

"काम झालं हो. वाक्य कुठं झालं? प्रिन्सिपल क्लॉज आतच राहिला."

पुढं साहेबाच्या मनात फाटक लावायचं आलंच, तर बाया एवढंच म्हणत, "मास्तरांना बोलवावं का?" फाटक उघडंच राहिलं.

मास्तर निवृत्त झाले आणि मुलाकडे नगरला निघाले. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटत होतं. स्टेशनावर औंढ्याची माणसं आली होती. काकूंच्या हातात खरवसाचा डबा आला. भाऊ खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, त्या दिवशीचं ऱ्हायलंय. आज बोलून टाका."

मास्तर दारात उभे राहिले. "जेव्हा मी या गावात आलो, जरी मला इथलं कुणी ओळखत नव्हतं, ज्या माणसांनी माझ्यावर, काही कारण नसताना..." गार्डानं निशाण वर केलं. तो त्यांचाच विद्यार्थी. वाक्याची जात त्यानं लगेच ओळखली आणि निशाण खाली घेतलं. काकूसुद्धा आत गेल्या नाहीत. सगळा फलाट मुख्य वाक्याची वाट बघत होता.

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. दोनदा तोंड उघडून त्यांनी मिटलं.

"येतो," ते म्हणाले.

भाऊंनी मान हलवली. "व्हय मास्तर. या."

गाडी सुटली. ते काही परत आले नाहीत. पण औंढ्याची वाट अजून त्याच फाटकातून जाते.