दाजींचा गळा, माझे हात

माझा हात आधी चालतो, डोकं मागाहून येतं. दुबईशेजारच्या अजमानला शटरिंगचा फोरमन होतो तेव्हा एका ड्रायव्हरच्या कानाखाली असा जाळ काढला की त्याचे दोन दात साइटवरच पडले. मला पोलीस ठाण्यातून सोडवून आणलं ते दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या प्रमोदिनीताईचे यजमान, अंबादास. हवालदारासमोर उभे राहून ते एवढंच म्हणाले, "हबीबी, पोरगा रागीट आहे, वाईट नाही." हिंदीतच म्हणाले. तो आवाज ऐकून हवालदार खुर्चीत सरळ झाला.

काय आवाज होता हो! नगरच्या चर्चच्या कॉयरमध्ये ते बेस, म्हणजे पुरुषांतला सगळ्यात खालचा आवाज गायचे, तेव्हा हाताखालचा बाक थरथरायचा. खोटं नाही सांगत. एक्याण्णवला ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर दुबईला आले. इथे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीच्या उपासनेत एका ऑस्ट्रियन बाईनं त्यांना ऐकलं. बाई ऑपेरा शिकवायची. तिनं तीन वर्षं त्यांना घासून काढलं. मग हॉटेलांत बाहेरच्या ऑपेरा मंडळ्या यायच्या, त्यांना खालचा आवाज कमी पडला की फोन दाजींना. आज दुबई, पुढच्या महिन्यात मस्कत, मग बहारीन. नायक कधीच नाही. त्या आवाजाच्या नशिबी सैतान, जल्लाद, नाहीतर शाप देणारा बाप. दाजी हसून सांगायचे, "रणजित, आजवर चौदा खून केले आणि नऊ वेळा मेलो."

सत्त्याण्णवला या शहाण्या माणसानं नोकरी सोडली. नोकरीत रजा मिळेना आणि गाणं सुटेना. व्हिसा एका मित्राच्या ट्रेडिंग कंपनीवर घेतला, कागदावर पगार नावापुरता. तेवढ्या पगारावर इथल्या कायद्यानं बायकोपोर ठेवता येत नाही. ताई आणि तीन वर्षांची शर्वाणी नगरला परत गेल्या. एअरपोर्टवर ताई माझ्या शर्टाला धरून रडली, आणि मी तिथेच दाजींची कॉलर पकडली. लोकांनी सोडवलं.

आणि राहायला आले कुठे? माझ्याच खोलीत. दोन महिने मी बोललो नाही. एकदा जेवताना भरलं ताट भिंतीवर फेकलं. त्यांनी भिंतीवरची आमटी पुसली आणि गुणगुणत भांडी घासली. त्या गुणगुणण्यानं तर माझी आणखी सणकली.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत एक इटालियन मंडळी येणार होती. म्हाताऱ्या राजाची मोठी भूमिका दाजींना. ती जमली तर दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पक्का व्हिसा, नीट पगार. म्हणजे ताई आणि शर्वाणी परत. आमचं सगळं घर त्या एका शोवर टांगलेलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. फक्त विश्वास नव्हता.

तिसऱ्या अंकात सेनापती राजाचा गळा दाबतो आणि राजा मरता मरता एक लांब, अगदी खालचा सूर लावतो. घरच्या तालमीत सेनापती मी. यात एक खुबी असते. दाबणारा दाबतच नाही, नुसती बोटं ठेवतो. मरणारा त्याची मनगटं धरून स्वतःकडे ओढतो, तडफडतो, सगळं काम मरणाऱ्याचं. आणि खरंच काही बिघडलं तर मरणाऱ्यानं खांद्यावर दोनदा थापटायचं. थापटलं की खलास, हात सोडायचे. दाजींनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

"दोनदा थापटलं म्हणजे काय?"

"सोडायचं, दाजी."

मग आमच्या खोलीत रोज खून पडायला लागला. वरच्या मजल्यावरच्या झुबेदाभाभी एकदा लाटणं घेऊन धावत आल्या, "अरे, जीव घेतोस का त्याचा!" दाजी मेल्या मेल्याच हसले.

शोच्या आधीचा शुक्रवार. चर्चहून आलो तोच ताईचा फोन. तिनं शर्वाणीच्या हातात रिसीव्हर दिला. दाजींनी स्पीकर लावला. पोरगी म्हणाली, "हॅलो काका."

बापाला काका! आणि हा माणूस हसला. फोन ठेवला, टाळी वाजवली, म्हणाला, "यल्ला, चल सेनापती, तिसरा अंक."

मी बोटं ठेवली. त्यांनी मनगटं धरली. सूर लागला, माझ्या तळव्यांना त्याचा कंप जाणवत होता. या कंपापायी माझी बहीण तिकडे एकटी आहे, हे मनात आलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी दाबलं. सूर तुटला. इतका वेळ मनगटं ओढणारे त्यांचे हात आता ती ढकलायला लागले. गुडघे टेकले. डोकं कपाटावर आपटलं, आरसा तडकला, काचा आमच्या पायांत पडल्या. मग खांद्यावर थापटलं. एक. दोन.

मला कळलंच नाही, असं म्हणायची सोय आहे मला. पण कळलं होतं. मोजलं होतं मी. तरी सोडलं नाही. त्यांनी आणखी तीनदा थापटलं, आणि माझ्या अंगठ्याखाली काहीतरी काटकन मोडलं, तेव्हा माझे हात सुटले.

ते रक्त थुंकत होते. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राची कूर्चा मोडली आहे, बोलता येईल, गाणं विसरा. पोलीस आला. मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं. दाजींनी मला हातानं थांबवलं आणि त्याच्याकडून कागद मागून घेतला. इंग्रजीत लिहिलं, तालीम चालू होती, खूण करायला मीच विसरलो. तो कागद घेऊन पोलीस गेला.

चार महिन्यांनी ते पुन्हा ड्राफ्ट्समन झाले. पक्का पगार, फॅमिली व्हिसा. डिसेंबरात ताई आणि शर्वाणी आल्या. पहिल्याच जेवणाला ताईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तूच समजावलंस ना रे यांना? नाहीतर हे कुठले ऐकणार!"

"हो," दाजी फाटक्या आवाजात म्हणाले, "त्यानंच समजावलं."

टोमणा नव्हता तो. असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर मी कुणावरही हात उचलला नाही. लोक म्हणतात, रणजित निवळला. निवळला कसला, मेल्याला आपल्या हातांची भीती बसली.

दोन हजार तीनमध्ये, ईदच्या सुट्टीत, शर्वाणीला कुठल्याशा खोक्यात एक कॅसेट सापडली. तिनं ती टेपमध्ये घातली. खोलीभर तो आवाज पसरला. टेबलावरचा पेला वाजायला लागला.

"वॉव! मामा, हू इज दॅट मॅन?"

इतक्यात मागून दाजी आले. टेपच्या आवाजावर त्यांचा आवाज चढणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थापटलं.

मी लगेच टेप बंद केला.