मलव्वाचा बोळा

६ नोव्हेंबर १९८८, कमठाणा. आज दुपारभर परसातल्या पेरूंच्या बुंध्यांना चुना आणि मोरचूद लावला. बोटं अजून निळी आहेत. उद्या मन्नाएखेळ्ळीला बायकांचा मेळावा आहे; खोडकिडा आणि वाळवी कशी घालवायची ते सांगायला मला बोलावलंय. पंधरा-सोळा वर्षं मी हेच सांगत फिरते. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही — नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आता तुम्हाला सांगते.

मी शाळेत शिकवते. परसात सहा पेरू होते, मीच लावलेले. एकाहत्तर साली त्यांची पानं पिवळी पडायला लागली. मी काय केलं असेल? गोठ्यातलं ओलं, ताजं शेण टोपल्या टोपल्या बुंध्याशी रचलं. झाडाला ताकद येईल म्हणून! पंधरा दिवसांत बुंध्यावर वाळवीचे मातीचे पदर चढले. वर बेचक्यात दुसरीच कीड — सालीवर जाळी, जाळीत भुसा, आणि खाली करंगळी जाईल एवढं भोक. दोन झाडं उभ्या उभ्या वाळली.

मलव्वा आमची शेजारीण. धनगराचं घर, मेंढरं विकून ती तेव्हा मजुरीला जायची. कुंपणापलीकडून बघत होती.

"बाई, ह्ये शेण कामून घातलाव? वाळवीला जेवायला बोलावलाव का?"

मग स्वतःच आत आली. शेण ओढून उन्हात पसरलं, मातीचे पदर खरवडले, बुंध्याभोवती राख टाकली. मोडक्या छत्रीची तार भोकात घालून अळी बाहेर ओढली. चिंधीचा बोळा घासलेटात भिजवून आत कोंबला आणि वरून चिखलानं भोक बंद केलं. हे कुठं शिकलीस, विचारलं.

"मेंढराच्या खुरात किडं पडल्यावर आम्ही हेच करतो की. जित्याला कीड खायलीय — खूर काय न् खोड काय."

चारही झाडं वाचली. नुसती वाचली नाहीत — पुढच्या हिवाळ्यात फांद्यांना टेकू द्यावे लागले. बिदरच्या फळांच्या प्रदर्शनात माझ्या पेरूंचा पहिला नंबर आला. दुसरी टोपली डोक्यावर घेऊन मलव्वाच आली होती. शेतकी खात्याच्या साहेबांनी कन्नडात विचारलं, कीड कशी घालवली? मी म्हणाले, पुस्तकात वाचून. कन्नडातच म्हणाले. मलव्वा माझ्या शेजारी उभी होती — आणि तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे.

बसस्टँडवर ती एवढंच म्हणाली, "त्या पुस्तकात मेंढरं बी हाईत का, बाई?"

पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही. मी तरी कशाला काढते? मी शिकवणारी; 'मलव्वाकडून शिकले' म्हणायची मला लाज वाटली. गावोगाव बोलावणी आली, मी गेले, बोळे कोंबून दाखवले. आज राजेश्वर गावापासून इकडं कितीतरी परसांत त्या बोळ्यावर जगलेली झाडं फळतायत. रस्त्यानं जाताना ती दिसली की माझी मान ताठ होते. हा आनंद खोटा नाही, आणि तो मी लपवणारही नाही.

पण इथपर्यंत मी जे सांगितलं ते सोपं होतं. खरं पुढंच आहे.

एकदा राजेश्वरला बायकांच्या बैठकीत एक बाई उठून म्हणाली, कमठाण्याची एक धनगरीण आमच्या मामीच्या आंब्याला असाच बोळा घालून गेली, आंबा बरा झाला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काय बोलायचं होतं मी? एक नाव सांगायचं होतं — मलव्वा. मी म्हणाले, "असल्या अडाणी लोकांना झाडाला हात लावू देऊ नका. झाड मरतं." वहीत लिहून घेतलं बायकांनी. त्यानंतर मलव्वाला झाडासाठी कुणी बोलावलं नाही. आपलं बोलावणं का बंद झालं, हे तिला कधी कळलं नाही. मला माहीत होतं.

*

वरचं काल लिहिलं. आज सकाळी उठून आधी मलव्वाच्या दारात गेले. ती ज्वारी पाखडत होती. राजेश्वरला जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"व्हय?" म्हणाली. "मला वाटलं, माझ्या हातालाच गुण राह्यला न्हाई."

आणि पुन्हा पाखडायला लागली. मी बसच्या वाटेला लागले. बस सुटता सुटता ती चढली, धुतलेलं लुगडं नेसून. मी 'चल' म्हटलं नव्हतं.

मेळाव्यात मी उभी राहिले आणि सांगितलं — मराठीत, मग कन्नडात. औषध हिचं आहे, मलव्वाचं. राजेश्वरला मी खोटं बोलले.

तेवढ्यात मलव्वा उठली. मंडपाबाहेर अंगणात किडलेला एक आंबा होता, सरळ त्याच्याकडे गेली. बायका एकेक करून उठल्या आणि तिच्याभोवती जमल्या. मीही गेले.

"सरका गं," ती खोडावर हात फिरवत म्हणाली, "उजेड येऊ द्या. बाई, तुमी बी."

मी सरकले.