ऊर्ध्वपातनाचा तास

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, स्टाफरूममधल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे — देव जाणे. पण आता पोटात राहत नाही.

मी गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. वाढले ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, जंगल पाहिलं ते बसच्या खिडकीतून. तरी हौस मोठी — पोरांना त्यांच्या घरातल्या गोष्टींवरून शिकवायचं! चिंचेवरून आम्ल, धुण्याच्या सोड्यावरून अल्कली. पोरं खूश, मी त्याहून खूश. खरं सांगू? माझं मलाच फार कौतुक होतं.

त्या दिवशी ऊर्ध्वपातन होतं — द्रव उकळायचा, वाफ थंड करून गोळा करायची. मला वाटलं, मोहाच्या दारूइतकं सोपं उदाहरण कुठलं? शेवटच्या बाकावर कुसुम बसायची. गोंड घरातली, जंगलातल्या गावातून सायन्सला आलेली पहिलीच पोरगी. तिला आधी न विचारता, भरल्या वर्गात मी उभं केलं. "कुसुम, तुमच्या घरी काढतात ना? सांग बरं सगळ्यांना."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमी देवाले चढवाले काढतो."

वर्ग हसला. तेव्हा काय करायचं, मला कळत नव्हतं का? कळत होतं हो. पण वर्ग असा रंगात आला होता — आणि मी म्हणाले, "देवाच्या नावानं सगळेच पितात!" पोरांनी बाकं बडवली. मीही हसले. चांगली खळखळून. ती उभीच होती, आणि तिला बस म्हणायचंही मला सुचलं नाही.

तेव्हापासून तिचं नाव पडलं, भट्टी. व्हरांड्यात माझ्या कानावर यायचं. मी पुढे चालायची. मग एकदा तीच आली. "पोरं मले भट्टी म्हणून राह्यले मॅडम. तुमी एक डाव सांगा ना त्याईले."

मस्करी करतात गं, लक्ष नको देऊ — असं म्हटलं मी. काऊन म्हटलं? पोरांना रागवायचं तर आधी माझंच चुकलं म्हणावं लागलं असतं, वर्गासमोर. ते माझ्याच्यानं होईना. लाज वाटते हे सांगताना. ती कॉलेजात यायची थांबली.

धानकापणी टाकून तिचे वडील आले. "मॅडम, पोरगी काऊन येत नाई? घरी काईच सांगत नाई. इथी काई झालं का?"

मी खुर्चीवरून उठलेही नाही. म्हणाले, "काही नाही हो भाऊ. तिला विषय झेपत नाही."

खोटं. त्या वर्गात तिच्याइतकं स्वच्छ डोकं कोणाचंच नव्हतं. तिची तोंडी परीक्षा मीच घेतली होती.

त्यांना पटलं. मॅडम खोटं कशाला बोलेल? त्यांनी मला हात जोडले. "तुमी तं बहुत मेहनत घेतली असन," म्हणाले. "सांगतो तिले, मॅडमच म्हणते का तुयाच्यानं होत नाई म्हून."

आणि मी त्यांना जाऊ दिलं.