लग्नाला गेलेली घोंगडी

रेवणसिद्ध कोटगोंडे सरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते एका रिकाम्या काचपेटीसमोर उभे राहून शाळेच्या मुलांना माहिती सांगत होते. पेटीत वस्तू नव्हती, चिठ्ठी होती : 'मैंदर्गीची घोंगडी. लग्नाला गेली आहे. गुरुवारी येईल.' मुले ती चिठ्ठी गंभीरपणे वाचत होती. मी वस्त्रसंवर्धनाचे शिक्षण घेऊन नुकतीच सोलापुरात परतले होते आणि आपल्या जिल्हा इतिहास संग्रहालयात नोंदणीच्या कामावर रुजू व्हायला आले होते. मला ती चिठ्ठी गमतीची वाटली नाही. आजही वाटत नाही.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना सरांची ही पद्धत ठाऊक आहे. काहींनी तिचा लाभही घेतला आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर सरांनी एसटीने गावोगाव फिरून हा संग्रह उभा केला. विणकरांचे धोटे, धान्याची मापे, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, सगळे लोकांनी त्यांच्यावरच्या विश्वासाने दिले. घेताना सरांनी प्रत्येक घराला शब्द दिला, "घरात कार्य निघालं तर न्या." असा शब्द संग्रहालयाने देता कामा नये, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितले.

"हळदीचे डाग निघत नाहीत, सर. बाहेरून लोकर खाणारी कसर येते ती वेगळीच."

"अगं संवर्धनबाई, दिली म्हणजे काय तोडून दिली का त्यांनी? पोरगी सासरी दिली तरी सणाला माहेरी येते की."

"पोरीला कसर लागत नाही, सर."

सर पोट धरून हसले आणि त्याच आठवड्यात एक घंटा मोडनिंबला पाठवली.

त्यांच्या मायेलाही असाच काही क्रम नसतो. मला डेंग्यू झाला, तेव्हा सर रोज दुपारी रुग्णालयात येत. काम अडू नये म्हणून नोंदींचे कागद आणून, उलटसुलट पानांनी, मोठ्याने वाचून दाखवत. सलाईन लावलेल्या हाताने मी ती पाने लावत असे. त्यानंतर बाहेर बाकावर बसून ते माझ्या आईला तासभर धीर देत, हे मला फार उशिरा, आईकडूनच कळले.

गेल्या वर्षी तपासणी आली. नोंदवही आणि वस्तू जुळल्या नाहीत, तर संग्रह पुण्याच्या भांडारात हलवावा, असा प्रस्ताव होता. तिथले तापमान आणि आर्द्रता नियंत्रित आहे. पण मैंदर्गीहून कोणी तिथे आपली वस्तू पाहायला जाणार नाही, हे मलाही कळत होते. मी आठ महिने एकेक वस्तू मोजून नोंदवही तयार केली होती. तपासणी होईपर्यंत काहीही बाहेर जाऊ देऊ नका, एवढे एकच सरांकडे मागितले. त्यांनी मान्य केले. तपासणीच्या दिवशी सकाळी घोंगडीच्या काचपेटीत पुन्हा चिठ्ठी होती.

"सर, तुम्ही मला शब्द दिला होता."

"तुला परवा दिला. गंगव्वाला सोळा वर्षांपूर्वी दिलाय."

अधिकाऱ्यांनी घोंगडी कुठे आहे विचारले. सर म्हणाले, "लग्नाला." संध्याकाळपर्यंत पडताळणी झाली नाही तर 'गहाळ' लिहावे लागेल, असे अधिकारी म्हणाले. ती मागवून घ्या, असे मीही म्हणाले. भर लग्नातून घोंगडी उचलणार नाही, असे सरांनी शांतपणे सांगितले. शेवटी जागेवर घेतलेली मापे आणि छायाचित्रे चालतील, हे अधिकाऱ्यांकडून कबूल करून घेऊन, टेप, भिंग आणि नोंदवही घेऊन मीच मैंदर्गीला गेले.

घोंगडी मांडवात पसरलेली होती आणि तिच्यावर पूजा मांडलेली होती. मी टेप काढल्यावर गंगव्वा, म्हणजे ज्यांनी ती संग्रहालयाला दिली त्या आजी, पुढे आल्या.

"आमचीच घोंगडी आमाला मोजून दावतीस व्हय, यव्वा?"

मांडव हसला. मी मापे घेत राहिले. घोंगडीच्या एका टोकाकडचे सूत जाडेभरडे आहे. माझ्या नोंदीत त्या भागापुढे 'नंतरची दुरुस्ती' असे लिहिले होते. ते मी वाचून दाखवले.

"दुरुस्ती कुटली? हितपर्यंत सूत सासूचं. मग ती गेली. ऱ्हायलेली लोकर मी कातली. मला तिच्यावानी बारीक येत न्हवतं की. विणकराची लई बोलणी खाल्ली."

मी भिंगातून पाहिले. जोड कुठेच नव्हता; वीण सलग होती. हेच भिंग संग्रहालयातही माझ्याकडे होते. दुरुस्तीच असणार, अशी खात्री असल्यामुळे मी त्या जागी ते लावले नव्हते. मांडवातच मी नोंद खोडली, नवी लिहिली आणि तिच्याखाली गंगव्वांचा अंगठा घेतला.

अधिकाऱ्यांनी ती खाडाखोड दोनदा वाचली. अहवालात त्यांनी लिहिले की संग्रह सोलापुरातच राहावा, कारण त्याची माहिती देणारी माणसे इथे आहेत. अट एकच घातली : बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी जबाबदार व्यक्तीची सही असावी.

"बघ, गेली म्हणून कळलं की!" हे वाक्य सर तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात, मी समोर असताना तर हमखास. घोंगडी हळदीचे दोन डाग घेऊन परत आली, हे ते सांगत नाहीत. डाग निघालेले नाहीत. त्यांची नोंद मी केली आहे, तारखेसह.

आता सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले आहेत आणि यापुढे ती सही मी करावी, असे म्हणू लागले आहेत. मी होकार दिलेला नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला 'न्या' म्हणण्यासाठी जे लागते, ते कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत आणि माझ्यात अजून आलेले नाही. म्हणून सरांना उदंड आयुष्य लाभावे, गुडघे आणि डोळे धड राहावेत, ही इच्छा मी पूर्ण गांभीर्याने नोंदवते. जाणाऱ्या वस्तूवर सही त्यांनीच करावी. परत आलेली मी मोजून घेईन.